ओठाचा डावा कोपरा

उजव्या गालावर अठरा ठिपके होते. नाकपुडीच्या कडेला दोन, वरच्या ओठाच्या वर चार, गालाच्या हाडाखाली सात आणि तिथून जबड्याच्या कडेनं हनुवटीकडे उतरत पाच. जांभळ्या पेनानं काढलेले, एकमेकांपासून साधारण दीड सेंटिमीटरवर. वैजयंती भोकरेनं हातातल्या आरशात ते दोनदा मोजले.

“डॉक्टर, अठराच आहेत.”

“वीस आहेत, मॅडम,” डॉ. मुजावर सिरिंज उजेडात धरून म्हणाले.

“मोजा.”

मिरजेत तीस वर्षं सुया टोचत आलेल्या त्या माणसानं सिरिंज खाली ठेवली, कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला आणि पेनाच्या टोकानं मोजलं. मग कानापुढे दोन ठिपके गुपचूप वाढवले.

“कुठं असता कामाला?”

“वजनमापं. निरीक्षक आहे, वारणगावला.”

“तरीच.”

वीस ठिपके, प्रत्येकी अडीच युनिट, एकूण पन्नास. आता केसपेपरवरचा आकडा आणि गालावरचा आकडा जुळला. वैजयंतीनं डोळे मिटून घेतले. जगात मोजता न येणारी माणसं किती असावीत, याचा तिचा अंदाज दर वर्षी वाढत चालला होता, आणि त्यात शिकलेल्यांचा भरणा जास्त होता.

त्यातलाच एक दंतवैद्य. तीन वर्षांपूर्वी गुळण्या करताना तिला पहिली कळ आली. वरच्या जबड्यातून डोळ्याखालपर्यंत विजेचा झटका बसावा तशी; दोन सेकंद, आणि संपली. दंतवैद्यानं दाढ काढली. कळ राहिली, म्हणून शेजारची काढली. वैजयंतीनं दोन्ही दाढा डबीत घालून घरी आणल्या आणि भिंगाखाली पाहिल्या. दोन्ही धडधाकट होत्या. दुखणं दाढेत नव्हतंच. चेहऱ्याची संवेदना मेंदूकडे नेणारी मोठी चेता मेंदूच्या तळाशी एका रक्तवाहिनीला घासत होती आणि तिथलं वेष्टण झिजलं होतं. उघड्या पडलेल्या तारेसारखी ती कशानंही ठिणगी टाकायची. ब्रश, गार वारा, ओढणीचं टोक, जेवणाचा पहिला घास. दिवसाला तीस-तीस वेळा.

गोळ्यांनी कळ थांबायची, पण वैजयंतीही थांबायची. एकदा बाजार समितीत गोळीच्या गुंगीत तिनं काट्यावर वीस किलोचं वजन ठेवलं आणि आकडा न वाचताच शिक्का मारला. कार्यालयात परतल्यावर लक्षात आलं तेव्हा ती तशीच रिक्षा करून मागे गेली, शिक्का तोडला आणि काटा पुन्हा तपासला. काटा बरोबर निघाला. त्यानं तिचं समाधान झालं नाही. न वाचता मारलेला शिक्का खोटा, मग काटा कसाही असो. घरी येऊन तिनं गोळ्यांची बाटली फेकून दिली.

“हे नवीन औषध अकरा महिने पुरतं,” पहिली सुई टोचता टोचता डॉक्टर म्हणाले. “पण गाल ढिला पडणार. उजव्या बाजूनं हसू उमटायचं नाही.”

“हसण्याचा पगार मिळत नाही मला.”

औषध म्हणजे विषच. हवाबंद डब्यातलं अन्न नासवणारा एक जिवाणू ते तयार करतो. पन्नास युनिट म्हणजे ग्रॅमच्या एक अब्जांश भागाहूनही कमी. तिच्या कार्यालयातला सगळ्यात नाजूक काटाही ते शून्यच दाखवील. चेतातंतूच्या टोकाशी रसायनाच्या बारीक पिशव्या असतात. पिशवी टोकाच्या पडद्याला चिकटून फुटली की रसायन पलीकडे सांडतं आणि निरोप पोचतो. पिशवीला पडद्याशी बांधणारं एक प्रथिन असतं. हे विष कात्रीसारखं नेमकं तेच कापतं. वेदनेच्या तंतूत कात्री शिरली की कळ भडकवणारी रसायनं बाहेर पडत नाहीत. स्नायूच्या तंतूत शिरली की आकुंचनाचा हुकूम पोचत नाही. विषाला या दोन्हींतला फरक कळत नाही. जुन्या औषधातली कात्री तीनेक महिन्यांत बोथट व्हायची, पेशी नवीन प्रथिन बनवायची आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. नव्या औषधात कात्रीच अशी बदलली होती की पेशीला ती मोडताच येत नसे. म्हणून वेदना अकरा महिने बंद, आणि गालही अकरा महिने बंद.

तिनं कळा मोजल्या. पहिल्या दिवशी एकतीस, चौथ्या दिवशी अठ्ठावीस, सातव्या दिवशी नऊ. अकराव्या दिवशी तिनं गार पाण्यानं चूळ भरली, उजव्या बाजूनं शेंगदाण्याची चिक्की चावली, पंख्याखाली तोंड वर करून उभी राहिली. शून्य. ती हसली. आरशात ओठाचा डावा कोपरा वर गेला, उजवा जागेवर राहिला.

याच सुमाराला राज्यातल्या प्रत्येक सरकारी खिडकीवर ‘आर्जव’ बसलं.

नाव कुणा कवीमनाच्या अधिकाऱ्याला सुचलं असावं. वस्तू साबणाच्या वडीएवढी होती. तिच्यातला कॅमेरा खिडकीआडच्या कर्मचाऱ्याचा चेहरा सेकंदाला तीस वेळा टिपायचा, भुवया, पापण्या आणि ओठांच्या कोपऱ्यांची हालचाल मोजायचा आणि आठ भावनांना शून्य ते एक यांमधला आकडा द्यायचा. रागाला थोडी सूट होती, कंटाळ्याला भरपूर होती. तुच्छतेला मात्र ०.२५ ही पक्की मर्यादा. खिडकीच्या आतल्या बाजूला हे आकडे दिसायचे, बाहेरच्या बाजूला दिवा. हिरवा, पिवळा किंवा लाल. तीन आठवडे सरासरी लाल आली की त्या कर्मचाऱ्याला जनतेसमोर बसायची बंदी. निरीक्षकाच्या बाबतीत याचा अर्थ एकच होता: शिक्का जमा करायचा.

वैजयंतीच्या शिक्क्याचा क्रमांक ४१. चौदा वर्षं जिल्ह्यातल्या काट्यांवर, शिशाच्या गोळीवर तो आकडा उमटत आला होता. वारणगावच्या हळद बाजारात एक्केचाळीसचं सील दिसलं की माणसं दुसऱ्यांदा वजन करायला सांगत नसत. तिच्या आयुष्यात अभिमान बाळगावा अशी तेवढी एकच गोष्ट होती, आणि ती बाळगायची.

आता गंमत अशी, की बाकीच्या भावना चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना सारख्या उमटतात. तुच्छता तेवढी एका बाजूची. ओठाचा एक कोपरा किंचित दाबून वर जातो, दुसरा ढिम्म राहतो. यंत्राला तुच्छता म्हणून एवढंच शिकवलेलं होतं.

पहिल्याच सोमवारी चनबसू हुक्केरी काटा घेऊन आले. हळदीचे जुने अडते. सगळा बाजार त्यांना अण्णा म्हणायचा. नऊ वर्षांत पहिल्यांदाच त्यांचा काटा एका फटक्यात पास झाला होता. वैजयंतीला खरोखरच बरं वाटलं.

“वा, अण्णा. यंदा काही खोट नाही,” ती म्हणाली आणि हसली.

खिडकीबाहेर लाल उजेड पडला. हुक्केरींनी दिव्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं.

“काय ओ मॅडम, तोंडावर हसता होय आमच्या?”

“कौतुक केलं मी.”

“कौतुकाला लाल दिवा लागतोय व्हय? आम्ही काय शाळा शिकलो नाही म्हणून…”

“अण्णा, नऊ वर्षं मी तुम्हाला शिव्या देऊन काटे परत पाठवले, तेव्हा तुम्हाला राग आला नाही.”

“तेव्हा दिवा नव्हता.”

हे त्यांनी अगदी मनापासून सांगितलं. हा माणूस हळकुंड हातात घेऊन त्याच्या आतला ओलावा सांगायचा, आणि इतक्या वर्षांच्या ओळखीचा चेहरा वाचायला त्याला दिवा लागत होता. तिच्या मनात जे आलं ते आता मात्र खरोखरच तुच्छ होतं. आकडा ०.८२ होता, तो ०.८२च राहिला.

बोलतानाही तिच्या ओठाचा डावाच कोपरा हलायचा. पहिला आठवडा लाल. दुसरा लाल.

घरीही बरं नव्हतं. नवरा अभिजित हायस्कूलमध्ये चित्रकला शिकवायचा. त्याच्या वर्गातली चित्रं जिल्ह्याच्या प्रदर्शनात लागली होती. जेवताना त्यानं फोनवर एकेक दाखवलं आणि वैजयंती “छान आहे” म्हणून हसली. त्यानं फोन उलटा ठेवला.

“इतकं वाईट वाटत असेल तर सांगावं सरळ.”

“छान म्हटलं मी.”

“ते ऐकलं. दिसलं पण.” तो ताटातला भात चिवडत राहिला. “सुईचं माहीत आहे मला. पण खरं सांगू वैजू? मला इतकी वर्षं वाटायचंच, की तू मला मनातल्या मनात हसतेस. आता ते बाहेर आलं, एवढंच.”

वैजयंतीनं प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. त्याच्याबद्दल तुच्छता होती का? थोडी होती. तो सगळ्या मुलांना ‘अ’ श्रेणी द्यायचा आणि पट्टी न लावता रेघा मारायचा. पण त्या क्षणी नव्हती. त्या क्षणी चित्रं आवडली होती, विशेषतः एका मुलीनं काढलेली म्हैस. आकडा कधीमधी योगायोगानं बरोबर येतो, तेवढ्यानं काटा बरोबर ठरत नाही.

“म्हैस आवडली मला,” ती म्हणाली. “मागचा पाय चुकलाय, पण वजन दिसतंय तिचं.”

अभिजितनं मान वर केली. बायको कौतुकात चूक काढते म्हणजे कौतुक खरं, हे त्याला अनुभवानं ठाऊक होतं. तो उठला, दप्तरातून प्रदर्शनाचं निमंत्रणाचं कार्ड काढलं आणि तिच्यासमोर बसला.

“हस.”

“आता काय?”

“हस गं. म्हशीवर हस.”

ती हसली. त्यानं कार्ड तिच्या नाकाच्या रेषेत उभं धरून उजवा गाल झाकला. मग सरकवून डावा झाकला. पुन्हा उजवा. मुलांना चेहऱ्याचं माप शिकवताना करायचा तसंच.

“अरे!” तो म्हणाला. “उजवं झाकलं की तू नुसती हसतेस. चांगली हसतेस. डावं झाकलं की भिंत. तुच्छता कुठल्याच अर्ध्यात नाही, वैजू. दोन्ही एकदम बघितलं की दिसते.”

वैजयंतीनं त्याच्या हातातलं कार्ड घेतलं. लग्नाच्या इतक्या वर्षांत या माणसानं पहिल्यांदाच काहीतरी मोजलं होतं, आणि बरोबर मोजलं होतं.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात बाबरसाहेबांनी तिला आत बोलावलं. जिल्ह्याचे प्रमुख, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, आणि ती दोन वर्षं कुणी दार वाजवू नये एवढीच इच्छा.

“भोकरेबाई, हा तिसरा आठवडा.”

“माहीत आहे, साहेब.”

“मी समजू शकतो हो. यंत्र नाही समजू शकत. त्या साळोखेनं बघा कसं केलं.”

किरण साळोखे शेजारच्या टेबलावरचा निरीक्षक. त्याला कसलंही दुखणं नव्हतं. ‘आर्जव’ बसल्या बसल्या तो चार दिवस रजेवर गेला आणि धुतलेल्या बशीसारखा चेहरा घेऊन परतला. दोन्ही गाल, दोन्ही बाजूंना सारखेच टोचलेले. तेव्हापासून त्याचा दिवा कायम हिरवा. सासरे गेल्याची बातमी आणि महागाई भत्ता वाढल्याची बातमी त्यानं एकाच चेहऱ्यानं ऐकली होती, आणि यंत्रानं दोन्ही वेळा त्याला सौजन्याबद्दल पैकीच्या पैकी दिले होते.

“डावीकडं पण मारून घ्या,” बाबरसाहेब म्हणाले. “दहा मिनिटांचं काम.”

तिनं बाहेर येऊन डॉ. मुजावरांना फोन लावला.

“तुम्ही दहाव्या,” डॉक्टर वैतागून म्हणाले. “गेल्या तीन आठवड्यांत नऊ जण आले. तहसील, पोस्ट, एक तर मुख्याध्यापिका. कुणालाच कळ नाही. मी परत पाठवले, तर पलीकडच्या गल्लीत पार्लरच्या माडीवर जाऊन टोचून आले.”

“मला टोचाल?”

“निरोगी गाल आहे तो, मॅडम. आणि एक सांगतो. समोरच्याचा चेहरा बघताना आपला चेहरा नकळत त्याची बारीक नक्कल करतो, आणि त्यातनं समोरच्याचं थोडं कळतं. गाल बंद केला की ते कमी कळतं, असं काही अभ्यास म्हणतात. थोडंसंच. पण तुमच्या धंद्यात…”

तिच्या धंद्यात ते थोडंसं म्हणजे निम्मं काम होतं. काट्यात खोट कुठं लपवलीय, हे तिला बरेचदा काट्याआधी व्यापाऱ्याच्या तोंडावर दिसायचं.

तिनं फोन ठेवला आणि कपाटातून पडताळणीचा कोरा अर्ज काढला. ज्या मापावर कुणाचा हक्क ठरतो ते माप तपासलेलं आणि शिक्का मारलेलंच असलं पाहिजे, हा कायदा. ‘आर्जव’वर शिक्का नव्हता.

“अहो, ते काय हळद मोजतंय का?” बाबरसाहेबांनी अर्ज वाचून विचारलं.

“माझी नोकरी मोजतंय.”

साहेबांनी दार बंद करून दोन फोन केले. दोन्हीकडून नीट उत्तर आलं नाही, म्हणून घाबरून सही केली.

गुरुवारी कंपनीकडून सानिका देव नावाची पंचविशीची इंजिनीयर आली, पाठीवर बॅग, हातात थंड कॉफी.

“ॲक्च्युअली मॅडम, आमचं मॉडेल चाळीस लाख चेहऱ्यांवर ट्रेन केलंय.”

“त्या चाळीस लाखांना तेव्हा काय वाटत होतं, हे कुणी त्यांना विचारलं?”

“तसं नाही… फोटो बघून लेबल लावणारी टीम होती.”

“म्हणजे एक न तपासलेला काटा दुसऱ्या न तपासलेल्या काट्यावरून जुळवलात. बसा.”

पहिली चाचणी पुनरावृत्तीची. वैजयंती यंत्रासमोर बसून दहा वेळा सारखंच हसली. ०.८१, ०.८३, ०.८१, ०.८२, दहाही आकडे तीन शतांशांच्या आत. “पुनरावृत्ती उत्तम,” तिनं लिहिलं. सानिकाच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं.

दुसरी कोपऱ्यांची. काट्यावर वजन मध्ये ठेवा नाहीतर कडेला, आकडा तोच यायला हवा. तिनं पुठ्ठ्याची फाइल नाकाच्या रेषेत धरून उजवा गाल झाकला.

“चेहरा अर्धा दिसला तर यंत्र काय करतं?”

“दुसरा अर्धा मिरर करतं,” सानिका म्हणाली.

“बघा मग.” ती हसली.

तुच्छता ०.०३. आनंद ०.७८. दिवा हिरवा.

तिनं फाइल डावीकडे घेतली आणि तशीच हसली. आठही भावनांसमोर शून्य. फाइल खाली ठेवून हसली. तुच्छता ०.८२. दिवा लाल. सगळं मिळून चाळीस सेकंद गेले होते.

सानिकानं कॉफी खाली ठेवली. “हे आम्ही कधी टेस्टच केलं नाही,” ती म्हणाली, आणि मग हळूच म्हणाली, “माझ्या आजोबांचं तोंड वाकडं झालंय, पॅरालिसिसनं. पेन्शनच्या ऑफिसात त्यांच्याशी कुणी नीट बोलत नाही. तिथं आमचंच यंत्र आहे, खिडकीच्या दोन्ही बाजूंचे चेहरे बघणारं.”

“मग घरी जाऊन त्यांना सांगा,” वैजयंती म्हणाली. ती पोरगी निदान लाजली होती. बाबरसाहेब तेवढंही करत नव्हते. ते घड्याळ बघत होते.

तिनं ‘नापास’ लिहिलेला कागद यंत्राला दोऱ्यानं बांधला, आणि कायद्याप्रमाणे यंत्र बंद झालं. नऊ दिवस वारणगावच्या वजनमाप कार्यालयात कुणाचाही चेहरा कुणी मोजला नाही. कामं होत राहिली.

दहाव्या दिवशी वरून अधिसूचना आली. अडीच ओळींची. सौजन्य हे वजन किंवा माप नसल्यामुळे ‘आर्जव’ला सदर कायदा लागू नाही, यंत्रं पूर्ववत चालू करावीत, कर्मचाऱ्यांनी चेहरा कोणत्याही वस्तूनं झाकू नये. वैजयंतीनं ती दोनदा वाचली. सौजन्य मोजता येत नाही, हे तर तिनंच दाखवून दिलं होतं. तेच कारण सांगून त्यांनी मोजणं चालू ठेवलं होतं.

“दोन वाटा आहेत,” बाबरसाहेब म्हणाले. “डावा गाल, नाहीतर रेकॉर्ड रूम. आणि हे बघा, अकरा महिन्यांनी औषध उतरलं की परत खिडकीवर या. मी जागा धरून ठेवतो.”

“उतरलं की मी परत टोचून घेणार आहे, साहेब. उजवीकडं.”

“मग डावीकडं का नको? दोन्ही बाजूंचा खर्चसुद्धा मी वैद्यकीय बिलात…”

“वजनाच्या बुडाला कानस मारून ते काट्याशी जुळवणारे व्यापारी मी चौदा वर्षं पकडले. साहेब, वजन बरोबर आहे माझं.”

तिनं ड्रॉवरमधून शिक्का काढला, ४१ हा आकडा वर येईल असा टेबलावर ठेवला आणि पोच मागितली. बाबरसाहेबांनी पोच लिहिताना तारीख चुकवली. तिनं ती दुरुस्त करून घेतली.

घरी अभिजितला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “मला वाटलं होतं, करून टाकशील. अकरा महिन्यांचा तर प्रश्न होता.”

“तुझ्या बायकोला भिंत करून हवी होती?”

“नको,” तो म्हणाला. “पण शिक्का गेल्यावर तू कशी राहशील, याची भीती वाटली.”

अभिजित ताट उचलून टेबलाच्या पलीकडच्या बाजूनं आला आणि तिच्या डाव्या हाताला बसला. तेव्हापासून तो तिथंच बसतो.

रेकॉर्ड रूममध्ये एक खिडकी, सहा कपाटं, प्रमाण वजनांचा संच आणि त्याची नोंदवही होती. वजनं महिन्यापूर्वीच प्रयोगशाळेतून तपासून आलेली. कॅमेरा नव्हता. वैजयंतीनं दोन आठवड्यांत वीस वर्षांच्या फायली लावल्या आणि त्यांत साठ चुका शोधल्या. चुका कुणाला नको होत्या. खाली खिडकीवर साळोखे बसायचा. रांग भराभर सरकायची. त्याच्या नावे सौजन्याचं प्रशस्तिपत्र आलं. गावातही गुळगुळीत चेहरे वाढत होते. पोस्टात, बँकेत, एका लग्नात तर वधूपक्षाच्या अख्ख्या रांगेत. त्यांच्याशी बोलणं म्हणजे तिला झाकणावर झाकण ठेवल्यासारखं वाटायचं.

मार्चमध्ये, हळदीचा हंगाम भरात असताना, रेकॉर्ड रूमच्या दारात चनबसू हुक्केरी उभे राहिले. मागे दोन हमाल, त्यांच्या हातात प्लॅटफॉर्म काटा.

“मॅडम, जरा बघता काय?”

“खिडकी खाली आहे, अण्णा.”

“नवा काटा हा, खालनंच पास होऊन आलाय गेल्या महिन्यात. दोन मिनिटांत. हिरवा दिवा, चहा विचारला, या म्हटले परत.” ते आत आले आणि आवाज उतरवून म्हणाले, “इरोडचा घेणारा म्हणतोय, पन्नासाची पोती त्याच्याकडं हलकी भरत्यात. मला चोर म्हटला ओ फोनवर. चाळीस वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं.”

“मला आता शिक्का मारता येत नाही.”

“शिक्का कोण मागतंय? नुसतं बघा.”

वैजयंतीला हसू आलं. हुक्केरींनी तिच्या ओठांकडे पाहिलं, मग सवयीनं भिंतीवर दिवा शोधला. दिवा नव्हता.

“हसा,” ते म्हणाले. “लाल दिवा परवडला, पण ते गोड तोंड नको.”

हमालांनी काटा फरशीवर ठेवला. शिशाचं सील शाबूत होतं. त्यावर साळोखेचा आकडा. वैजयंतीनं काट्याची पातळी पाहिली, चारही पाय सारखे केले, बटण दाबलं आणि काटा स्थिर व्हावा म्हणून पंधरा मिनिटं तसाच चालू ठेवला. हुक्केरी एकदा घड्याळाकडे आणि एकदा तिच्याकडे बघत राहिले. शून्य आलं. तिनं हातमोजे चढवले, संचातून वीस किलोची दोन वजनं आणि दहाचं एक काढलं आणि एकेक करून मधोमध ठेवलं. आकडे हलले, मग थांबले. तिनं नोंदवही उघडली.

प्रमाण वजन ५०.००० किलो. काट्यावर ५०.२४० किलो.